सुईचा गोड गळा

गाणी लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप टेबलावर आणि वाद सुईवरून, असा डिजिटल व्हायनलवर वाजवणाऱ्या डीजेंचा संसार असतो. संगीत म्हणून जे काही आहे ते फाइलींच्या रूपात संगणकाच्या पोटात असते. तरीही समोर दोन टर्नटेबल असतात, त्यांच्यावर दोन तबकड्या फिरतात आणि तबकड्यांवर दोन सुया टेकलेल्या असतात. या दोन सुया कोणत्या घ्याव्यात हे ठरवायला माणसाला जेवढा काळ लागतो तेवढ्यात दुसऱ्या कुणाला म्हाडाचे घर लागून तो त्यात राहायलाही जातो. सुरुवात अगदी निरागस असते. ‘चालेल अशी एखादी स्वस्तातली जोडी बघू,’ एवढाच हेतू. मग एक जण विचारतो, ‘गोल टोकाची की लंबगोल?’ दुसरा विचारतो, ‘आउटपुट किती मिलिव्होल्ट?’ तिसरा काहीच विचारत नाही, नुसता त्याच्या सुईकडे बघून हसतो. आणि खरा घात या तिसऱ्यामुळे होतो. त्या रात्रीपासून आमचा डीजे कोष्टके वाचू लागतो. थोड्याच दिवसांत घरात ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत वजन दाखवणारा काटा येतो. मागोमाग भिंग येते, सुई झाडायचा इवलासा ब्रश येतो, सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज सरळ बसले की तिरके ते तपासायचा छापील कागद येतो. एवढा सगळा सरंजाम जमल्यावर एक दिवस आई दारात उभी राहून विचारते, ‘गाणं कुठून येतंय रे?’ ‘लॅपटॉपमधून.’ ‘मग ही सुई काय करते?’ याला ‘आई, तुला नाही कळायचं’ असे उत्तर देण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच, की आईला कळले आहे.

सुई काय करते ते आधी पाहू. साध्या तबकडीच्या खाचेत गाणे असते. डिजिटल व्हायनलच्या, म्हणजे टाइमकोडच्या, तबकडीत गाणे नसते, शिट्टी असते. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या कंट्रोल व्हायनलमध्ये ही शिट्टी १ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची आहे. ‘ट्रॅक्टर’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या तबकड्यांत ती २ किलोहर्ट्झची होती, पुढच्या आवृत्तीत २.५ची झाली. सेराटोची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरत असली की संगणकाला हजाराची शिट्टी ऐकू येते. पिचचा दांडा सरकवून वेग आठ टक्क्यांनी वाढवला की १०८०ची. तबकडी हाताने धरून ठेवली की शिट्टी बंद. तबकडी पुढे चालली आहे की मागे हे कळावे म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूच्या शिट्ट्या एकमेकींपासून पाव लहरीने सरकवलेल्या असतात. आधी कोण पोचते ते पाहून संगणक दिशा ओळखतो. आणि सुई तबकडीवर नेमकी कुठे आहे हे सांगणारे आकडे त्याच शिट्टीच्या लहानमोठ्या होण्यात गुंफलेले असतात. वेग, दिशा आणि ठिकाण हे तीन निरोप पोचवले की सुईची नोकरी संपली. पुढे फाइल पळवायची ती लॅपटॉपने. ही युक्ती प्रथम गाजवली ती ॲमस्टरडॅमला जन्मलेल्या ‘फायनल स्क्रॅच’ने. रिची हॉटिन आणि जॉन अक्वाविव्हा यांच्यासारख्या डीजेंनी ती लोकांसमोर वाजवून दाखवली. मग २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटोने रेन कंपनीच्या साथीने ‘स्क्रॅच लाइव्ह’ आणले, आणि तबकड्यांच्या पेट्या उचलून ज्यांचे मणके झिजले होते अशा एका पिढीने कंबर सरळ केली. पेट्या गेल्या. सुई राहिली. आता ही शिट्टी असते तरी कशी, असे कुणाला वाटले तर त्याने टीव्हीवर शिवी झाकायला ‘पीं’ वाजवतात तो आठवावा; तोही सहसा १ किलोहर्ट्झचाच असतो. सेराटोच्या तबकडीची एक बाजू १० मिनिटांची आणि दुसरी १५ मिनिटांची. म्हणजे एका बाजूला दहा मिनिटांची एक अखंड शिवी झाकलेली आणि तबकडी उलटली की पंधरा मिनिटांची. या शिवीतला ‘उबदारपणा’ नीट उमटावा म्हणून लोक हप्त्यांवर कार्ट्रिज घेतात.

घरोघरी विजेचे मीटर वाचायला येणाऱ्या माणसाचा गळा गोड असावा असा आग्रह कोणी धरत नाही. त्याला आकडे दिसावेत, त्याने ते बरोबर उतरवून घ्यावेत आणि कुत्रे भुंकले म्हणून जिन्यातून परत पळू नये, एवढे पुरते. टाइमकोडवर ठेवलेली सुई ही मीटर वाचणारी सुई आहे. तिने खाच सोडू नये, डावीउजवी शिट्टी सारख्याच जोराने पोचवावी, शिट्टी फार क्षीण नसावी, आणि टोक झिजले की तेवढेच नवे बाजारात मिळावे. यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवणे म्हणजे मीटरवाल्याला एखादी ठुमरी म्हणायला लावणे आहे. पण कार्ट्रिजच्या खोक्यावरची भाषा वाचा. खर्ज भरदार, मधला पट्टा पारदर्शक, वरचे सूर रेशमी. खाली ठळक अक्षरांत २० ते २०,००० हर्ट्झ. यातली हजार-अडीच हजारांच्या आसपासची वस्ती सोडली तर टाइमकोडच्या दृष्टीने सगळे माळरान आहे. स्क्रॅच करताना, म्हणजे तबकडी हाताने भराभर मागेपुढे ओढताना, शिट्टी क्षणभर बरीच वर जाते हे कबूल. पण तिथेही तिला रेशमी होऊन चालत नाही, फक्त मोजता येण्याजोगी राहावे लागते. गंमत अशी, की खोक्यावर खरे उपयोगाचे आकडेसुद्धा छापलेले असतात. आउटपुट किती, डाव्याउजव्यात तोल किती, एका बाजूचे दुसऱ्या बाजूत मिसळते किती, हे सगळे कारखान्यात सहसा १ किलोहर्ट्झवरच मोजतात. म्हणजे नेमक्या आपल्या शिट्टीवर! पण हे आकडे बारीक अक्षरांत तळाशी असतात आणि ग्राहक ‘रेशमी’पाशीच हरवलेला असतो. त्यातल्या त्यात एक आकडा त्याच्या लक्षात राहतो तो मिलिव्होल्टचा, कारण तो जितका मोठा तितका चांगला अशी आपली सगळ्याच आकड्यांबद्दल समजूत असते. घरगुती कार्ट्रिज तीन ते पाच मिलिव्होल्ट देते, डीजेंचे त्याच्या दुपटीपर्यंत. दोन्हींवर टाइमकोड वाचता येतो. उलट फार जोरकस कार्ट्रिज पुढच्या साउंडकार्डाला झेपले नाही तर शिट्टीच्या माथ्यावरच कात्री बसते. पण ‘माझं साडेनऊचं आहे’ या वाक्याला जो भारदस्तपणा आहे तो ‘माझं पुरेसं आहे’ला नाही.

जुन्या शास्त्रकारांचा दंडक असा, की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्यापेक्षा चांगले मांडून दाखवावे आणि मगच खोडावे. तो पाळायचा तर पहिला पूर्वपक्ष प्रत्यक्ष प्रमाणाचा: ‘अहो, मला फरक ऐकू येतो!’ याला थेट खोटे म्हणता येत नाही. सुई गलथान असली, तिच्या टोकाला धुळीचा बोळा अडकला असला किंवा ती खाचेत डुचमळत असली, तर संगणकाला वेग कधी जरा जास्त तर कधी जरा कमी वाटतो, आणि त्याबरहुकूम गाण्याचा सूरही हलतो. हा फरक खरा आहे आणि बऱ्यापैकी कानाला कळतो. पण तो स्थिरपणाचा फरक झाला. उबदारपणा, खोली, मंचाची रुंदी यांतले काहीही शिट्टीतून फाइलमध्ये शिरू शकत नाही, कारण शिरायला वाटच ठेवलेली नाही. संगणक सुईकडून फक्त ‘किती वेगाने, कुठल्या दिशेला, कुठे’ एवढे विचारतो. ‘कसे वाटतेय’ असे विचारतच नाही. तरीही पुढील संवाद होतो. ‘ही लंबगोल टोकाची. ऐक, किती गोडवा आहे बघ.’ ‘पण गाणं तर फाइलमधून…’ ‘अरे, फाइललाही गोडवा येतो!’ यावर टर्नटेबलवर पडदा टाकून दोन्ही सुया ओळखायला सांगण्याचा उपाय सुचवता येतो. मात्र ज्याला सुचवावा त्याला त्या दिवशी नेमकी सर्दी झालेली असते. आणि पडद्याचीही खरे तर गरज नाही. सेराटोच्या पडद्यावर डाव्याउजव्या शिट्ट्यांचे मिळून एक वर्तुळ दिसते. वर्तुळ गोल आणि रेघ स्वच्छ असली की सुई कामाची. वर्तुळ चेपलेले किंवा केसाळ दिसले की साफसफाई करा, जोडणी बघा, नाहीतर टोक बदला. इतका निःपक्षपाती न्यायाधीश मोफत मिळाल्यावर वाद मिटायला हवा होता. झाले उलटेच. आता वर्तुळांवरून वाद होतात. ‘तुझं जरा अंड्यासारखं आहे.’ ‘तुझी मान तिरकी आहे म्हणून तसं दिसतंय.’

दुसरा पूर्वपक्ष शब्दप्रमाणाचा, म्हणजे मोठ्या माणसाने म्हटले म्हणून. स्क्रॅच करणाऱ्यांच्या कैक पिढ्या शुअर कंपनीच्या एम४४-७ या कार्ट्रिजवर पोसल्या. आउटपुट साडेनऊ मिलिव्होल्ट, दीड ते तीन ग्रॅम वजनावर चालणार, आणि मागेपुढे कितीही ओढाताण करा, खाच सोडायचे नाव नाही. हे गुण खरे होते आणि मीटर वाचायच्या कामालाही ते लागू पडतात, तेव्हा इथपर्यंत मोठ्या माणसांचे बरोबर आहे. मग २०१८ साली शुअरने जाहीर केले, की तबकड्यांच्या सुया आणि कार्ट्रिज बनवणे आपण थांबवतो आहोत. त्यासरशी रॉकेल मिळेनासे होणार म्हटल्यावर डबे भरून ठेवावेत तशी सुयांची साठेबाजी सुरू झाली आणि शिल्लक मालाचे भाव चढले. यात खऱ्या तबकड्या वाजवणारे होते, त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण ज्यांच्या घरी शिट्टीखेरीज दुसरी तबकडीच नव्हती अशांनीही कपाटात सुया लपवल्या. वास्तविक जपानच्या ह्योगो प्रांतातली जिको ही कंपनी याच कार्ट्रिजला बसणारी टोके बनवत होती, आजही बनवते. १८७३ साली शिवणाच्या सुया करण्यापासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ती या धंद्यात आली. म्हणजे सुईतले कळणारे घराणे म्हणायचे तर यापेक्षा जुने सापडणे कठीण. पण ‘ओरिजिनल’ या शब्दापुढे दीडशे वर्षांचे घराणे काय करणार? राहता राहिला नामवंतांचा दाखला. क्यूबर्टसारख्या स्क्रॅचच्या बादशहाच्या नावाने डेन्मार्कच्या ऑर्टोफोनने खास कार्ट्रिज काढले होते, आणि ते घेतले की हात तसा चालेल अशी आशा बाळगणारे भाबडे जीव जगभर आहेत. त्याच्या नावाने सुई निघते. आपल्या नावाने फक्त बिल निघते.

सुई निवडण्यात जेवढी बुद्धी खर्च होते तिच्या एक दशांशही ती बसवण्यात होत नाही, आणि इथे अनुमानाची खरी दाणादाण उडते. नवी सुई घसरते. कारणे पुष्कळ असू शकतात: टेबल एका बाजूला कलले आहे, तबकडी उन्हात ठेवल्याने वाकली आहे, टोकाला मांजराचा केस अडकला आहे. पण अनुमान एकच निघते, वजन कमी पडतेय. कंपनीने तीन ग्रॅम सांगितले, तो चार करतो. चारला घसरली की पाठीमागचे काउंटरवेट काढून उलटे बसवतो. तरीही घसरली की कार्ट्रिज ज्याला बसवतात त्या हेडशेलवर नाणे चिकटवतो. अमेरिकेत ही विद्या पेनीवर चालते. ती अडीच ग्रॅमची असते, त्यामुळे अनर्थ जरा बेताने होतो. आपल्याकडे कोणी हा प्रयोग केला तर त्याने रुपया निवडून घ्यावा. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा, तीन ग्रॅमच्या सुईवर पहिला ठेवला तर भार दुपटीच्या बराच वर जातो, दुसरा ठेवला तर दुपटीवर भागते. रुपया हलका झाला याचा आनंद व्हावा असा जगात हा एकच वर्ग असेल. त्या भाराखाली सुईची दांडी वाकून बसते, हिऱ्याचे टोक आणि खाच दोघेही एकमेकांना खातात, शिट्टी घोगरी होते, म्हणून ट्रॅक आणखी घसरतो, म्हणून आणखी एक नाणे! हेडशेलवर चिल्लर साठत जाते आणि शेवटी जेवढी नाणी होतात तेवढ्यात एक ब्रश आला असता. तारांची कथा याहून रम्य. हेडशेलमधून कार्ट्रिजला चार बारक्या तारा जातात. लाल आणि हिरवी उजवीकडच्या, पांढरी आणि निळी डावीकडच्या. चष्मा न लावता बसून डावीउजवीची अदलाबदल केली, की आधी पोचणारी शिट्टी नंतर पोचते आणि संगणक प्रामाणिकपणे गाणे उलटे वाजवू लागतो. ‘गाणं उलटं वाजतंय!’ ‘तरी मी म्हणत होतो, ही कंपनी घेऊ नकोस.’ मग कार्ट्रिज बदलले जाते, आणि नवे कार्ट्रिज त्याच तारांना त्याच क्रमाने जोडले जाते. अर्थिंगची तार मिक्सरला लावायची राहिली आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरू झाली, तरी दोष सुईचा. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावरच ठेवला, त्याच्या हादऱ्याने सुई थरथरली आणि थांबवलेला ट्रॅक आपोआप मुंगीच्या पावलाने सरकायला लागला, तरी दोष सुईचा. सॉफ्टवेअरमध्ये याच थरथरीकडे दुर्लक्ष करायला एक दांडा दिलेला असतो, तो सरकवला की भूत जाते. पण दांडा फुकट असतो, आणि फुकटच्या उपायाने आजार बरा झाल्यासारखा वाटत नाही.

‘पण मी खऱ्या तबकड्याही वाजवतो,’ हा तिसरा आक्षेप, आणि हा मात्र रास्त आहे. खाचेत गाणे असेल तर सुईचा गळा गोड हवाच. लंबगोल टोक खाचेच्या बारीक वळणांत शिरते, गोल टोकाला ती तितकी जमत नाहीत. उलट हाताने मागेपुढे ढकलायचे असेल तर गोल टोक सोयीचे आणि खाचेला कनवाळू. तेव्हा दोन कामांना दोन टोके ठेवावीत. बहुतेक कार्ट्रिजांचे टोक नखाने ओढून बदलता येते. फक्त हा आक्षेप घेणाऱ्याच्या मिक्सरवर फोनो आणि लाइनचा खटका असतो, त्याच्यावर बोट फिरवून बघावे. धूळ ज्या बाजूला साचली असेल त्यावरून खऱ्या तबकड्यांचे प्रमाण काढता येते.

कार्ट्रिज कसे दिसते याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि म्हणूनच बहुतेक निवड त्यावर होते असा आमचा तर्क आहे. ऑर्टोफोनचे काँकॉर्ड १९७९ चे. चोचीसारखे निमुळते, आणि कार्ट्रिज आणि हेडशेल एकाच तुकड्यात. वर सांगितलेल्या चार तारांची भानगडच नाही, टोनआर्मला खुपसून पिळले की बसले. ही सोय एवढी मोठी आहे, की चष्मा न लावणाऱ्यांसाठी तेवढ्यावरच लेख संपवता आला असता. पण घेणारा सोय सांगत नाही. तो म्हणतो, ‘हिचा मधला पट्टा जरा जास्त मोकळा आहे.’ खरे कारण हे असते, की अंधाऱ्या क्लबात निऑनच्या दिव्याखाली ती झळकते आणि दूरवरून ओळखू येते. २०१८ साली याच काँकॉर्डची नवी मालिका आली: मिक्स, डीजे, क्लब, स्क्रॅच आणि डिजिटल, प्रत्येकीचा रंग वेगळा. यातली ‘डिजिटल’ ही टाइमकोड वाचायलाच बनवलेली. नाव खोक्यावर, काम नावात. मग दुकानातला संवाद असा व्हायला हवा: ‘टाइमकोड वाजवता? काय देऊ?’ ‘डिजिटल द्या.’ ‘हे घ्या.’ प्रत्यक्षात तो असा होतो. ‘काय वाजवता?’ ‘टाइमकोड.’ ‘मग डिजिटल घ्या की.’ ‘नको, ती नवशिक्यांची वाटते. क्लब दाखवा.’ ‘क्लब खऱ्या तबकड्यांसाठी आहे.’ ‘हो, पण रंग…’ आणि तिथे तो क्षणभर थांबतो, आजूबाजूला बघतो आणि वाक्य पुरे करतो: ‘रंग म्हणजे सुराचा रंग म्हणत होतो मी.’ रंगासाठी घेतली असे उघडपणे सांगणारा डीजे सापडला तर आमचा सगळा युक्तिवाद आम्ही त्याच्या पायांशी ठेवू; डोळ्याला बरी दिसते हे टाइमकोडच्या सुईबद्दल देता येणारे सगळ्यात प्रामाणिक कारण आहे.

शेवटचा आक्षेप आमच्यावरच उलटतो, म्हणून तो टाळणे बरे नाही. ‘सुईचे काम एवढे हलके असेल तर सुईच कशाला हवी?’ काहींना खरेच नको असते. पायोनियरने २००१ साली सीडीजे-१००० काढले, त्यात सीडी तबकडीसारखी हाताने फिरवता येऊ लागली, आणि आज मुंबई-पुण्याच्या क्लबांत सर्रास त्याच घराण्याची यंत्रे दिसतात. ज्याला ‘सुईशिवाय डीजेच नव्हे’ असे वाटत असेल त्याने गोव्याकडे पाहावे. हणजूणच्या किनाऱ्यावर रात्र रात्र वाजवणाऱ्यांनी जे संगीत घडवले त्याला आज जगभर गोवा ट्रान्स म्हणतात, आणि ते आधी कॅसेटवर आणि मग डॅट टेपवर वाजले. तिथला डीजे गोवा गिल शेवटपर्यंत डॅटला धरून राहिला. त्या उन्हात, वाळूत आणि घामात तबकडी वाकली असती आणि सुईच्या टोकावर अख्खा किनारा चढला असता. म्हणजे राज्याच्या नावाची एक संगीतशैली जगाला देऊन झाली आणि त्यात सुईचा संबंध आला नाही. पण या दाखल्यांनी टर्नटेबलवाला बधत नाही, आणि त्याने बधूही नये. मनगटाखाली फिरणाऱ्या जड तबकडीला जी ओढ असते ती त्याला हवी आहे, ती सुखाची आहे, आणि सुखाचे समर्थन मागायचे नसते. फक्त ती ओढ तबकडीची आणि मोटारीची आहे, सुईची नाही, हे त्याच्या लक्षात आणून देणाऱ्यांनीच मग धंदा केला. फ्रान्समध्ये ‘फेज’ नावाची डबी निघाली; ती तबकडीच्या मधोमध ठेवायची, तबकडी कशी फिरते ते ती बिनतारी कळवते आणि टोनआर्म आपल्या खुंटीवर झोपून राहतो. ना सुई, ना वजन, ना घसरण, ना स्पीकरचा हादरा. आमच्या युक्तिवादाचा हा संपूर्ण विजय होता. तो साजरा करायला आम्ही सरसावलो तोवर पलीकडून विचारणा झाली, की डबीची बॅटरी उतरत आली की वाजवण्यात जरा मंदपणा जाणवतो का, आणि डबीखाली कुठल्या कापडाचा स्लिपमॅट घातला तर संकेत जास्त मोकळा येतो. रेनने २०१८ साली ‘ट्वेल्व्ह’ आणले: मोटार आहे, फिरणारी तबकडी आहे, टोनआर्म मुळातच नाही. पण सुई उचलून पुढे टाकायची हातांना सवय असते, म्हणून तेवढ्यासाठी बोट टेकवायची एक पट्टी दिली आहे. त्या पट्टीवर बोट कुठले ठेवावे, नख वाढलेले चालते का, आणि तर्जनीपेक्षा अनामिकेने मधला पट्टा जास्त खुलतो का, याचे कोष्टक अजून कोणी काढलेले नाही.